टेक्सासातली भाऊबंदकी

इथलं कॉलेज फुटबॉल हे काय प्रकरण आहे ते भारतातल्या नातेवाइकांना सांगताना मी हल्ली एकच शब्द वापरते: भाऊबंदकी. (हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा. पायाचा संबंध बेताचाच.)

ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ आणि कॉलेज स्टेशनचं टेक्सास ए अँड एम. मध्ये साधारण १६० किलोमीटर. एक राजधानीतलं, दुसरं शेतकी आणि लष्करी शिस्तीतलं. गंमत म्हणजे दोघांची वडिलोपार्जित जमीनसुद्धा एकच! पश्चिम टेक्सासमधल्या ओसाड सरकारी जमिनीत १९२३ साली तेल लागलं आणि १९३१ मध्ये त्या निधीच्या उत्पन्नाची वाटणी ठरली. दोन वाटे ऑस्टिनला, एक ए अँड एमला. आता सांगा, भांडण होणार नाही तर काय.

मैदानावरचं भांडण मात्र त्याहून जुनं, १८९४ पासूनचं. १९११ मध्ये ह्यूस्टनला सामन्यानंतर अशी मारामारी झाली की टेक्सासने संबंधच तोडले. १९१५ ला पुन्हा खेळले, ए अँड एम १३-० ने जिंकलं. पुढच्या वर्षी टेक्सासने बीवो नावाचा बैल आणला, तर १९१७ मध्ये ए अँड एमच्या पोरांनी रात्री जाऊन त्याच्या अंगावर तापल्या लोखंडाने '१३-०' डागलं. बिचाऱ्याचा शेवट १९२० मध्ये मेजवानीच्या ताटात झाला. त्या जेवणाला ए अँड एमवाल्यांनाही बोलावलं होतं आणि डागलेलं कातडं त्यांना भेट दिलं. अशी खुन्नस मला आवडते.

पण तिची दुसरी बाजूही आहे. सामन्याआधी ए अँड एमचे विद्यार्थी स्वतः झाडं तोडून ओंडक्यांची प्रचंड होळी रचत. १८ नोव्हेंबर १९९९ ला पहाटे पावणेतीनच्या सुमारास, रचण्याचं काम चालू असतानाच ती कोसळली. बारा जण गेले. एक माजी विद्यार्थी, बाकी अकरा कॉलेजात शिकणारी मुलं. ऑस्टिनला हरवायची जिद्द दाखवायला पेटवायची ती होळी. त्यामुळे 'खेळच तर आहे' असं म्हणणाऱ्यांना मला हे आकडे सांगावेसे वाटतात.

आणि त्याच आठवड्यात ऑस्टिनने आपली डिवचण्याची सभा रद्द करून श्रद्धांजलीची सभा घेतली. २६ नोव्हेंबरला सामना झाला. मध्यंतरात टेक्सासच्या बँडने शोकधून वाजवली, टोप्या काढल्या, आणि ए अँड एमच्या मैदानावर सगळे गप्प झाले. त्या दिवशी ए अँड एम २०-१६ ने जिंकलं. ज्यांच्या नावाने वर्षभर बोटं मोडायची, त्यांनाच आपल्या घरातलं माणूस गेलेलं नेमकं कळतं.

मग २०११. टेक्सासने एका मोठ्या चॅनेलशी वीस वर्षांचा, तीस कोटी डॉलरचा स्वतंत्र वाहिनीचा करार केला. ए अँड एमला ते झोंबलं (वाटा पुन्हा कमीच!) आणि ते दुसऱ्या गटात, एसईसीत, निघून गेले. शेवटचा सामना टेक्सासने अगदी शेवटच्या क्षणी २७-२५ ने घेतला. नंतर 'आमचं वेळापत्रक भरलंय' वगैरे कारणं. २०१३ मध्ये एका आमदाराने हा सामना दरवर्षी झालाच पाहिजे असं विधेयकही मांडलं. झालं काहीच नाही. बारा हंगाम कोरडे गेले, आणि त्या सगळ्या काळात दोन्हीकडची विजयगीतं एकमेकांचा उद्धार करतच होती. समोर कोणीच नसताना!

सामना बंद ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. हिशेब एकतर्फीच आहे: २०२५ धरून टेक्सासचे ७८ विजय, ए अँड एमचे ३७, पाच बरोबरीत. ए अँड एमला नव्या गटात पैसा मिळाला, मान मिळाला. मग हे जुनं दुखणं कशाला? माझं मत: दुखणं आहे म्हणूनच. लांबच्या राज्यातल्या संघाकडून हरलात तर रविवारी विसरता. इथे दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावर तोच बसलेला असतो, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तोच मेव्हणा म्हणून समोर असतो. ते चॅनेलच्या करारात कुठे लिहायचं?

शेवटी टेक्सासही २०२४ ला त्याच एसईसीत गेलं. पैशानेच तोडलं, पैशानेच जोडलं. ती वाहिनीही त्याच वर्षी बंद पडली. ३० नोव्हेंबर २०२४ ला कॉलेज स्टेशनला टेक्सास १७-७ ने जिंकलं. सामना आला म्हणून होळीही विद्यापीठाच्या आवारात परत आणावी असा आग्रह होता. ए अँड एमच्या अध्यक्षांनी नाही म्हटलं. दोन्ही निर्णय मला पटले.

२०२५ ला ए अँड एम ऑस्टिनला आलं ते अकरापैकी अकरा सामने जिंकून. २७-१७ ने हरून गेलं. असो, आमच्या ओळखीतल्या ए अँड एमवाल्या घरी त्यानंतर आठवडाभर फोन करायचा नाही, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं.