किल्लारी : सातबारा बघून दिलेली घरं

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात सगळ्यांना पाठ आहे. पुनर्वसनाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी वसवली, जागतिक बँकेच्या कर्जातून. घराचं माप ठरलं जमिनीवरून. भूमिहीन आणि हेक्टरभर रानवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरच्या वर ७५०. जुन्या गावातली उतरंड सिमेंटात पक्की झाली की! दगडमातीच्या माळवदानं माणसं मारली, खरंय. पण तिथं ओसरी होती, गुरांना जागा होती. नव्या गावात रुंद, सरळ रस्ते आणि तुटलेला शेजार. बातमीसाठी फिरताना बघतो, लोकांनी दारापुढं पत्रे टाकून ओसरी परत उभी केलीय. अडीचशे फुटात वाढलेल्या पोरांना आता लेकरं झालीत. त्यांनी राहायचं कुठं? पुढाऱ्यांनो, वाढीव गावठाणाचं बोला.