घड्याळाचेही ओझे

गाडीतले घड्याळ काढून ती किती हलकी होणार? मीही हसलो असतो. पण पोर्शेने 1972 साली 'कॅरेरा आरएस 2.7' आणली, तेव्हा तिच्या 'स्पोर्ट' आवृत्तीतून घड्याळ, मागच्या सीट, हात टेकायचे आधार, कोटाचे हूकसुद्धा काढले. वजन भरले 960 किलो. सोयींसकटची 'टूरिंग' 1,075 किलोंची. इंजिन दोघींचे तेच, 210 अश्वशक्तीचे. ओझे कमी, म्हणून हलकी गाडी वेग लवकर पकडी.

गंमत पुढेच आहे. एकूण 1,580 गाड्यांत स्पोर्ट अवघ्या 200, टूरिंग मात्र 1,308! बहुतेकांनी जादा पैसे मोजून ते ओझे परत घेतले. मी त्यांना हसत नाही. रोज घरी परतायचे तर गादी हवीच. पण आज संग्राहक जास्त दाम मोजतात, ते त्या उघड्याबोडक्या गाडीसाठीच.