वैमानिक, युद्ध आणि दोन फोन

धरमपेठेतून फुटाळा तलावाच्या अंगाने पुढे गेले की वायुसेना नगर लागते. भारतीय वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय येथे आहे. विमाने, इंजिने, क्षेपणास्त्रे यांची दुरुस्ती आणि देखभाल करणाऱ्या देशभरातील डेपोंचा कारभार येथून चालतो. नागपूरकरांना विमानाचा आवाज तसा जुनाच. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परत जात. ती डाकोटा विमाने होती. याच जातीच्या विमानांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैनिक आणि रसद वाहिली होती. विमान तेच राहते; त्याने काय वाहायचे ते माणसे ठरवतात.

आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना इतिहास शिकवतो. युद्धाचा धडा आला की मुलांचे प्रश्न ठरलेले: आपली किती विमाने पडली, त्यांची किती पडली, जिंकले कोण? त्या विमानात कोण बसले होते, हे कोणी विचारत नाही. यात मुलांचा दोष नाही. आमची पुस्तकेही विमाने मोजतात आणि पुढे सरकतात. म्हणून त्या माणसांविषयी चार शब्द.

भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिकून आलेले पहिले भारतीय वैमानिक अवघे पाच: हरिश्चंद्र सरकार, सुब्रोतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, अमरजित सिंग आणि ऐजाद बक्ष अवान. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोडवर पहिल्या स्क्वॉड्रनची सुरुवात झाली ती चार वापिती विमानांवर. हिंदू, शीख, मुसलमान एकाच धावपट्टीवरून उडत होते. पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर अर्जन सिंग, असगर खान, नूर खान, इद्रिस लतीफ असे अनेक तरुण जपान्यांविरुद्ध लढले. खाली घनदाट अरण्य, वर पावसाळी ढग. इंजिनाने दगा दिला तर जवळ आसरा नाही. अशा ठिकाणी शेजारच्या विमानातल्या माणसाचा धर्म कोणता, हा प्रश्न उरत नाही. तो वेळेवर येईल की नाही, एवढेच महत्त्वाचे असते.

१९४७ साली देशाबरोबर वायुदलाचीही वाटणी झाली. स्क्वॉड्रन वाटल्या, विमाने वाटली, सुटे भागसुद्धा वाटले. माणसांना मात्र आपण कुठे जायचे ते स्वतः ठरवायचे होते. असगर खान आणि नूर खान पाकिस्तानात गेले आणि पुढे एकापाठोपाठ एक तेथील वायुदलाचे प्रमुख झाले. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ यांनी भारतात राहायचे ठरवले. मित्र तिकडे, आपण इकडे, हा निर्णय चोवीस वर्षांच्या तरुणाला सोपा गेला नसेल. त्यानंतर त्यांच्यासारख्यांकडे बोट दाखवून निष्ठेचा प्रश्न विचारणारे लोक या देशात कमी नव्हते. लतीफ यांनी त्याचे उत्तर भाषणात दिले नाही, नोकरीत दिले. १९७१ च्या युद्धात ते वायुदल मुख्यालयात योजना विभाग सांभाळत होते. १९७८ साली मराठी वायुदल प्रमुख हृषीकेश मुळगावकर निवृत्त झाले, तेव्हा ती जबाबदारी लतीफ यांच्याकडे आली. १९८२ ते १९८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

आता ते दोन फोन.

पहिला फोन एप्रिल १९६५ चा. कच्छच्या रणात दोन्ही देशांच्या फौजा समोरासमोर आल्या होत्या. पाकिस्तानी वायुदलाचे प्रमुख असगर खान यांनी दिल्लीत अर्जन सिंग यांना फोन केला: या चकमकीत दोघांनीही विमाने आणू नयेत. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांच्या कानावर घालून अर्जन सिंग यांनी होकार कळवला. कच्छच्या लढाईत दोन्ही वायुदले उतरली नाहीत. एकेकाळी एका दलात उडालेल्या दोन माणसांना एकमेकांच्या शब्दाची किंमत माहीत होती, म्हणून हे घडले.

या फोनचे फार कौतुक करावे, असेही नाही. तो युद्ध थांबवू शकला नाही. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, त्याच संध्याकाळी चव्हाणांनी वायुदलाला परवानगी दिली, आणि त्या दिवशी गेलेल्यांपैकी चार व्हॅम्पायर विमाने परत आली नाहीत. तोवर असगर खान यांच्या जागी नूर खान आले होते. तेही अर्जन सिंग यांचे जुने सहकारीच. मैत्रीने युद्ध टळत नाही. पण काही महिने काही घरांत रडे पोचले नाही, हेही खरे.

दुसरा फोन ऑगस्ट १९७२ चा. १९७१ च्या युद्धात १० डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांचे सुखोई-७ पाडले गेले. सुखोई-७ हे एकट्या वैमानिकाचे, एका इंजिनाचे, जमिनीवरील लक्ष्यावर खाली झेप घेऊन मारा करणारे विमान. खाली आले की तोफांच्या टप्प्यात आलेच. उडी मारून वाचलेल्या वैमानिकाची लढाई तेथे संपत नाही, नवी सुरू होते. रावळपिंडीच्या छावणीत वायुदलाचे बारा अधिकारी कैद होते. पारुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी कोठडीच्या भिंतीच्या विटा काढल्या, हाताने होकायंत्र बनवले, शाळेच्या नकाशासंग्रहावरून वाट आखली आणि १२-१३ ऑगस्टच्या रात्री निसटले. पेशावरमार्गे ते लंडी कोतलला पोचले. अफगाण सरहद्द काही मैलांवर. तेथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशात ते स्टेशन होते. प्रत्यक्षात तिथली रेल्वे १९३२ सालीच बंद झाली होती. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाला कोण जाणार? लोकांना संशय आला. शाळामास्तरांनी जुने नकाशे का वापरू नयेत, याचा याहून चांगला धडा आम्हाला सापडलेला नाही!

तिघांनी आपण पाकिस्तानी वायुदलाचे सुटीवर निघालेले शिपाई असल्याची बतावणी केली. ती टिकेना. सरहद्दीच्या त्या मुलखात हेर समजून गोळी घातली गेली असती, तर कोणी विचारणारे नव्हते. तेव्हा पारुळकरांनी एका माणसाशी फोनवर बोलू देण्याची विनंती केली: स्क्वॉड्रन लीडर उस्मान. ते पूर्वी याच कैद्यांच्या छावणीचे प्रमुख होते आणि आता वायुदल प्रमुखांचे सहायक. उस्मान यांनी तहसीलच्या अधिकाऱ्यांना सांगितले, की ही माणसे आमची आहेत. त्यांना अटकेत ठेवा, पण हात लावू नका.

या फोनचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उस्मान यांनी कैद्यांना सोडले नाही. सरहद्द ओलांडू दिली नाही. आपल्या देशाशी ते पूर्ण इमानदार राहिले. पण शत्रूचा कैदी जिवंत राहिला पाहिजे, हेही त्यांना कर्तव्याचाच भाग वाटले. १ डिसेंबर १९७२ रोजी हे सारे अधिकारी वाघा सरहद्दीवरून मायदेशी परतले.

प्रत्येक घराच्या वाट्याला असा फोन आला नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे सुखोई-७ ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटकडे गेले, ते परतलेच नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पती कैदेत जिवंत असावा, या आशेवर त्यांनी अनेक दशके सरकारदरबारी पाठपुरावा केला. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहू दिले गेले, पण हाती काही लागले नाही. आमच्याकडे असे कैदी नाहीत, हेच पाकिस्तानचे म्हणणे राहिले. मेलेल्याची कबर असते, जिवंताचे पत्र येते. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना दोन्ही मिळत नाही.

विमानांची मोजदाद करणारा इतिहास या बाईंना कोणत्या रकान्यात घालणार? आम्हाला वाटते, मुलांना युद्ध शिकवताना हे सांगायला हवे. देशावर प्रेम करायचे म्हणजे समोरच्याचे माणूसपण नाकारायचे, असे त्यांच्या मनावर नकळत ठसत असते. लतीफ यांनी मित्रांना सोडून आपला देश निवडला. उस्मान यांनी आपला देश न सोडता शत्रूचा जीव राखला. दोघांचीही इमानदारी खरी. आपल्या वर्गातला मुलगा उद्या वैमानिक होवो, मेकॅनिक होवो की कोणत्या तरी कचेरीत फोन उचलणारा कारकून होवो, तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे एवढे त्याला कळले, तर इतिहासाचा तास फुकट गेला नाही असे समजावे.