बहुविकलांग मुलांना गावातल्या शाळेत कसं शिकवतात? कायदा काय सांगतो?

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. प्रत्येक मूल शाळेत आलंच पाहिजे, असा तो आग्रह होता.

आता त्याच जिल्ह्यातलं आजचं एक उदाहरण घेऊ. समजा, गगनबावडा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. मान नीट सावरत नाही, नजर अधू आहे आणि ती बोलत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव आहे, पण ती घरीच असते.

मग ती 'शाळेत' आहे की नाही? आणि शाळेत आलीच, तर गुरुजी तिला शिकवणार काय?

बहुविकलांगता म्हणजे नेमकं काय?

एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर त्याला बहुविकलांगता म्हणतात. पण ही साधी बेरीज नसते. दिसत नसलेलं मूल कानांवर भिस्त ठेवतं, ऐकू येत नसलेलं मूल डोळ्यांवर. दोन्ही नसेल तर एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढण्याचा मार्गच बंद होतो. अशा वेळी शिकवण्याची पद्धत मुळापासून बदलावी लागते.

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार यातलं दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ते 'तीव्र' मानलं जातं.

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यातल्या २१ लाखांहून अधिक बहुविकलांग होत्या. ५ ते १९ वयोगटातल्या बहुविकलांग मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी शाळेची पायरी कधीच चढली नव्हती.

कायदा काय म्हणतो?

दोन कायदे महत्त्वाचे आहेत.

पहिला, शिक्षण हक्क कायदा, २००९. तो ६ ते १४ वयोगटातल्या प्रत्येक मुलाला लागू आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला.

दुसरा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची साधी शाळा हवी की विशेष शाळा, हे निवडण्याचा अधिकारही त्याचाच. मुलांच्या येण्या-जाण्याची सोय करायची आहे आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलांच्या मदतनिसाचाही त्यात समावेश आहे.

घरी शिक्षण म्हणजे शाळेची सुटका?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. घरून शिकणं हा मुलाचा 'पर्याय' आहे. "आमच्याकडे सोय नाही, घरीच ठेवा," असं सांगण्याची मुभा त्यातून शाळेला मिळत नाही.

घरी शिक्षण निवडलं तरी ते शिक्षणच असायला हवं. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी विशेष शिक्षकांनी घरी जाऊन शिकवणं, पालकांना मार्गदर्शन करणं अपेक्षित आहे. दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. मुलींना महिन्याला २०० रुपये, असा १० महिन्यांचा भत्ता वेगळा आहे.

शिकवायला माणसं आहेत का?

सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं. प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे १५ मागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं राज्यांना पदं मंजूर करून भरती करण्याचे आदेश दिले.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. 'केंद्र' म्हणजे जवळजवळच्या शाळांचा गट. तोवर हे काम प्रामुख्यानं कंत्राटी शिक्षकांच्या खांद्यावर होतं.

हा निर्णय मोठा आहे, पण थोडा हिशोब करून पाहा. समजा, एका केंद्रात १२ शाळा आहेत. प्राथमिक शाळेचे कामाचे दिवस वर्षाला किमान २००. एका शिक्षकानं प्रत्येक शाळेला सारखा वेळ दिला तर एका शाळेच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १६-१७ दिवस येतात. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडसारख्या तालुक्यांत वाड्या-वस्त्या लांब आणि पावसाळा मोठा. तिथे एकेक भेटही अवघड.

म्हणजे उरलेले १८० हून अधिक दिवस त्या मुलीला कोण शिकवणार? वर्गातले नेहमीचे शिक्षक आणि घरी आई. म्हणून विशेष शिक्षकाचं काम फक्त मुलाला शिकवण्यापुरतं नाही. रोज काय करायचं, हे या दोघांना शिकवून जाणं हेही त्याचंच काम आहे.

प्रत्यक्षात शिकवतात कसं?

सुरुवात अक्षरांपासून होत नाही, बसण्यापासून होते. मान आणि पाठ सावरलेली नसेल तर मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यातच जाते. पाठीला, बाजूंना आणि पायांखाली आधार देणारी खुर्ची मिळाली की हात आणि नजर शिकायला मोकळे होतात. शालेय पोषण आहाराच्या वेळीही सरळ बसवणं गरजेचं, कारण आडवं ठेवून भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

दुसरी पायरी संवादाची. बोलता येत नाही याचा अर्थ सांगायचं काही नाही, असा होत नाही. जेवणाआधी रोज तोच चमचा हातात दिला, घरी जाताना रोज दप्तराचा तोच पट्टा धरायला दिला, की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मूल ओळखू लागतं, 'आता हे होणार आहे.' 'हो'साठी वर पाहायचं, 'नाही'साठी मान वळवायची, अशी खूण ठरवता येते. फक्त प्रश्न विचारल्यावर थांबावं लागतं. उत्तर यायला दहा-पंधरा सेकंदही लागू शकतात आणि बहुतेक वेळा मोठी माणसं त्याआधीच स्वतः उत्तर देऊन टाकतात.

चित्रांवर बोट ठेवून बोलण्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप मराठीतही चालतं. फोन नसेल तर पुठ्ठ्यावर चिकटवलेली चार चित्रंही पुरतात.

बधिरांध मुलांसाठी, म्हणजे दिसत आणि ऐकू येत नसलेल्या मुलांसाठी, स्पर्श हीच भाषा होते. शिक्षक मुलाचा हात धरून ओढत नाही. आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवतो आणि मूल त्यावरून काम 'पाहतं'. मुंबईतली हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून अशा मुलांसाठी काम करते आहे.

तिसरी पायरी छोट्या टप्प्यांची. 'हात धुणं' हे एक काम वाटतं, पण त्यात नळ उघडणं, हात ओले करणं, साबण घेणं, चोळणं, धुणं, पुसणं असे टप्पे आहेत. त्यातला एकच टप्पा आधी पक्का करायचा.

हे सगळं वर्गातच का? कारण परिपाठ, टाळ्या, मधली सुट्टी आणि मैत्रिणी घरी मिळत नाहीत. परिपाठाची घंटा रोज तिनं वाजवायची असं ठरलं, तर ती त्या वर्गाचा भाग होते. बाकीच्या मुलांनाही तिच्या खुणा कळायला लागतात. कोल्हापूरजवळ उचगावला नसीमा हुरजूक यांच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्थेचं समर्थ विद्यामंदिर आहे. तिथे दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात.

मागच्या बाकावर बसवून ठेवणं आणि दरवर्षी पुढच्या वर्गात ढकलणं याला मात्र समावेशक शिक्षण म्हणत नाहीत. शिकवण्याची पद्धत मुलाच्या गरजेप्रमाणे बदलणं, हे कायद्यातल्या व्याख्येतच आहे.

पालकांनी काय करावं?

• दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. अर्ज ऑनलाइन करता येतो, तपासणी शासकीय रुग्णालयात होते. प्रमाणपत्र येईपर्यंत शाळेचा प्रवेश अडवून ठेवता येत नाही.

• शाळेकडे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा लेखी मागा. 'प्रगती व्हावी' असं मोघम उद्दिष्ट नको. 'तीन महिन्यांत दोन चित्रांपैकी हवं ते नजरेनं निवडेल' असं मोजता येणारं हवं.

• घरून शिक्षण निवडलं असेल तर विशेष शिक्षक कोणत्या दिवशी येणार, हे लिहून घ्या आणि भेटींची नोंद ठेवा.

• साधनं, भत्ता आणि तपासणी शिबिरांची माहिती पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात मिळते. महापालिका हद्दीत प्राथमिक शिक्षण समितीकडे विचारा.

• प्रवेश नाकारला किंवा दाद मिळाली नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते.

१९१७ मध्ये दंड पालकांना होता, कारण मूल शाळेत आणणं ही त्यांची जबाबदारी मानली होती. आजच्या कायद्यानं मुलापर्यंत शिक्षण पोहोचवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ती पार पडते की नाही, हे हजेरीपटावरून कळणार नाही. त्यासाठी दर तीन महिन्यांनी एकच प्रश्न विचारावा लागेल: आधी येत नव्हतं असं काय तिला आता येतं?