सिरिल बार्टन : बावीस वर्षांचा वैमानिक

नोव्हेंबर लागला की आपली मुले शाळेतून कोटाला कागदी पॉपी लावून येतात. "हे कशासाठी?" असे त्यांनी विचारले, तर "महायुद्धात मेलेल्या सैनिकांसाठी" एवढे सांगून आपण मोकळे होतो. त्यातून एकही माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. म्हणून या अंकात आम्ही एकाच तरुणाची हकीकत देत आहोत.

सिरिल बार्टनचा जन्म ५ जून १९२१ रोजी सफक परगण्यातील एल्व्हडन येथे झाला. विमानाच्या कारखान्यात उमेदवारी केल्यावर तो स्वखुशीने हवाई दलात गेला. मार्च १९४४ मध्ये तो यॉर्कशायरमधील बर्न येथे ५७८ व्या स्क्वाड्रनमध्ये हॅलिफॅक्स विमानाचा वैमानिक होता. तोवर त्याच्या १८ मोहिमा झाल्या होत्या. त्यांतल्या चार बर्लिनवरच्या.

३० मार्चच्या रात्री ७९५ विमाने न्यूरेंबर्गकडे निघाली. बॉम्बर विमानांना अंधाराचाच काय तो आडोसा. त्या रात्री चांदणे पडले होते. जर्मन लढाऊ विमानांनी वाटेतच गाठले आणि ९५ विमाने परत आली नाहीत. संपूर्ण युद्धात बॉम्बर कमांडची एका रात्रीत एवढी हानी कधीच झाली नव्हती.

लक्ष्य सुमारे ११० किलोमीटरवर असताना बार्टनच्या विमानावर हल्ला झाला. एक इंजिन निकामी झाले, तोफा बंद पडल्या, तेलाच्या टाक्या गळू लागल्या. इंटरकॉमही तुटल्याने एका इशाऱ्याचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि सातपैकी तिघांनी पॅराशूटने उड्या घेतल्या. त्यांत मार्ग दाखवणारा नॅव्हिगेटरही होता. अशा वेळी बार्टन मागे फिरला असता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. तो पुढे गेला, स्वतःच बॉम्ब टाकले आणि माघारी वळला.

मार्गदर्शकाशिवाय सुमारे साडेचार तास उडत त्याने इंग्लंडचा किनारा गाठला, पण आपल्या तळापासून सुमारे १४५ किलोमीटर उत्तरेला. तेल संपत आले होते. खाली संडरलंडजवळचे राइहोप हे कोळसा खाणीचे गाव होते. उरलेल्या तिघांना त्याने आपटण्यापूर्वी सुरक्षित जागी बसायला सांगितले आणि विमान घरांवर कोसळू नये म्हणून शेवटपर्यंत धडपडला. ते तिघे वाचले, बार्टन गेला. कामावर निघालेला एक खाणकामगारही त्या अपघातात दगावला. बार्टनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे वय होते २२.

बॉम्बर कमांडचे सुमारे सव्वा लाख तरुण या युद्धात उडाले. त्यांतले ५५,५७३ मेले. त्यांनी टाकलेल्या बॉम्बखाली जर्मन शहरांतील बायका-मुलेही मेली, हे मुलांपासून लपवू नये. बार्टनची आठवण काढणे म्हणजे बॉम्बहल्ल्यांचे गोडवे गाणे नव्हे. आपला जीव वाचेल याची खात्री उरली नसतानाही त्याने सोबत्यांची आणि खालच्या अनोळखी घरांची काळजी घेतली. आम्हाला मोल वाटते ते याचे.

हा इतिहास परक्यांचा, असे कोणाला वाटेल. पण बार्टननंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे इटलीत टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. तुकडीतले बाकीचे सारे मेल्यावर किंवा जखमी झाल्यावर मशिनगनवर एकट्याने चालून गेलेले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे वीर. त्यांचा जन्मही १९२१ चा आणि वयही २२. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक सफकचा, एक कोकणातला. दोघांच्याही घरी त्या वर्षी बातमी आली, मुलगा आला नाही.

लंडनला ग्रीन पार्कच्या कडेला २०१२ साली उघडलेल्या बॉम्बर कमांडच्या स्मारकात बॉम्बर विमानातील सात जणांचे ब्राँझचे पुतळे आहेत. तेथून चालत काही मिनिटांवर, कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तोंडाशी, भारतीय उपखंडातील आणि आफ्रिका-कॅरिबियनमधील सैनिकांसाठी २००२ साली उभारलेली मेमोरियल गेट्स आहेत. लंडनला गेलात की मुलांना दोन्ही ठिकाणी न्या, आणि बार्टन व घाडगे ही दोन्ही नावे एकदमच सांगा.