परळची सहा खोपटी

परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसच्या आवारात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सहा लहान खोपटी उभारण्यात आली होती. भिंती सारख्या, जमीन सारखी, बांधणी सारखी. भेद काय तो छपरांचा. दोन खोपटांवर आपले कुंभार घडवितात ती नळीची देशी कौले, दोहोंवर सपाट मंगळुरी कौले, आणि उरलेल्या दोहोंवर पन्हळी पत्रा. त्यांत माणसे राहावयाची नव्हती. गिनीपिग नावाचे छोटे, निरुपद्रवी प्राणी ठेवावयाचे होते, आणि दहा वर्षे मुंबई इलाख्याला छळणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जगण्यामरण्यावरून ठरावयाचे होते. जंतुशास्त्र, वैद्यक, गणित आणि गरिबाच्या घराचे अर्थकारण अशी चारही शास्त्रे एका कौलाशी येऊन मिळाल्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील एका रोग्याला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्यातील हडफडे गावच्या वैद्याने हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग होय असे निदान केले. मांडवी ही धान्याच्या वखारींची पेठ. बंदरावरून आलेली पोती येथे उतरत, आणि त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर हमाल, कारकून, व्यापारी दाटीवाटीने राहत. त्या हिवाळ्यात शहर अक्षरशः ओस पडू लागले. कोकणातला आणि घाटावरचा गिरणीकामगार गावाकडे परतला; उरलेल्या मजुरांसाठी गिरण्यांची माणसे नाक्यानाक्यांवर चढाओढीने बोली करू लागली, आणि महिन्याचा पगार थकवून ठेवण्याची जुनी चाल सोडून रोजचा रोख पैसा हातावर ठेवण्याची पाळी अनेक मालकांवर आली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ वर आली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी, एवढ्यावरूनच त्या आपत्तीचे माप कळते.

रोगाचा जंतू तोवर अज्ञात राहिलेला नव्हता. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिनने तो शोधून काढला होता. मुंबईत हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत अवघ्या काही महिन्यांत प्रतिबंधक लस सिद्ध केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली: न टोचलेल्या कैद्यांपैकी बारा आजारी पडले व सहा दगावले, टोचलेल्यांपैकी दोघांनाच बाधा झाली आणि मृत्यू एकही झाला नाही. जंतू माणसापर्यंत पोचतो कसा, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. आणि जेथे ज्ञान संपले होते तेथे हुकमत सुरू झाली. १८९७ च्या साथरोग कायद्याने अंमलदारांना जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. संसर्ग माणसाच्या अंगात, कपड्यांत, घाणीत आणि जमिनीत आहे असे गृहीत धरून घरांच्या झडत्या झाल्या, अंथरुणे जाळली गेली, संशयितांना नातलगांपासून तोडून छावण्यांत नेण्यात आले. पुण्यात या झडत्यांसाठी गोरे सोजीर देवघरांपर्यंत शिरले, आणि त्यातून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला.

या सर्व काळात खेडोपाडीच्या रयतेच्या तोंडी एक वाक्य होते: ‘उंदीर पडू लागले.’ घरात, वखारीत, आढ्यावरून उंदीर मरून पडू लागले की शहाणी माणसे घर सोडून माळावर झोपड्या घालीत आणि साथ ओसरेपर्यंत तेथेच राहत. हे निरीक्षण फार जुने आहे. जहांगीर बादशहाच्या आत्मकथनातही साथीच्या वर्णनात पिसाटासारख्या झोकांड्या खात बाहेर आलेल्या उंदराची हकीकत आहे. सरकारी दप्तराने मात्र या वाक्याला दाखल्याची किंमत दिली नाही. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच लष्करी वैद्याने कराचीत काचेच्या भांड्यात प्रयोग करून उंदराच्या अंगावरील पिसू हाच मधला दुवा आहे असे दाखविले. त्याचाही अव्हेर झाला, आणि त्या वेळी चौकशी करीत असलेल्या प्लेग कमिशनने पिसवांची गोष्ट विचारात घेण्याजोगीही मानली नाही. ज्या मंडळींनी हजारो घरांच्या झडत्या घेतल्या त्यांनी कराचीतील ते काचेचे भांडे एकदा पुन्हा मांडून पाहू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

अखेर १९०५ मध्ये नवे संशोधन-मंडळ नेमले गेले, आणि त्याने परळच्या त्याच गव्हर्न्मेंट हाऊसमधील प्रयोगशाळा हे आपले ठाणे केले. लिस्टर इन्स्टिट्यूटचे मार्टिन, मुंबईत आधीपासून पिसवांचा पाठपुरावा करीत असलेले ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या हाताखालचे देशी डॉक्टर यांनी शीव, वडाळा, परळ, वरळी या तेव्हाच्या खेड्यांतील मेलेल्या उंदरांची नोंद ठेवली. तीवरून असे दिसले की साथ प्रथम गटारातील उंदरांत पसरते, काही दिवसांनी घरातील काळ्या उंदरांत येते, आणि त्यानंतर माणसांत. खोपटांचा प्रयोग याच मंडळाचा. छपराखाली सर्वत्र तारेची जाळी ताणली होती, अशी की उंदीर वा त्याची लेंडी खाली येऊ नये, पिसू मात्र खुशाल पडावी. मग उंदरांना छपरांत वस्ती करू दिली. देशी कौलांच्या पोकळ नळ्या त्यांना आयत्याच बिळांसारख्या लाभल्या, मंगळुरी कौलांत त्यांना तितकीशी सोय नव्हती, आणि पत्र्याखाली तर मुळीच नाही. त्यानंतर रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र सोडण्यात आले. कौलारू चारही खोपटांत, जेथे पिसवा पोचल्या होत्या, निरोगी प्राणी प्लेगने मेले. पत्र्याच्या दोन खोपटांत रोग्यांच्या अगदी अंगाला अंग लावून राहिलेल्यांनाही काही झाले नाही. स्पर्श, श्वास, मलमूत्र, जमीन असे सारे आरोपी त्या दोन खोपटांत निर्दोष ठरले. दुसऱ्या एका प्रयोगात पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर ठेवला तर आतला प्राणी मरे, दोन फुटांवर टांगला तर वाचे. पिसवेची उडी तेवढीच.

या छपरांमागे एक अर्थकारणही आहे. मंगळुरी कौल म्हणजे बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढलेल्या कारखान्याचे अपत्य. ते पैसेवाल्यांच्या घरांवर आधी चढले. गरिबाच्या घरावर गावच्या कुंभाराचे नळीचे कौल, आणि घरात वर्षाचे धान्य कणगीत किंवा पोत्यांत. उंदराला वर निवारा आणि खाली अन्न अशी दुहेरी सोय ज्या घरात होती, त्या घरात प्लेगचे बळी अधिक पडावेत यात दैवाचा किंवा अस्वच्छतेच्या पापाचा काही भाग नव्हता. अशा कुटुंबाला ‘घाणेरडे’ म्हणून हिणविणाऱ्या अहवालांपेक्षा खोपटांचा तो रुक्ष वृत्तान्त मला कितीतरी अधिक माणुसकीचा वाटतो.

पिसू चावते तेव्हा आत नेमके काय घडते याचा उलगडा १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी लंडनमध्ये केला: जंतू वाढून पिसवेच्या जठराचे तोंड बुजवितात, ती भुकेने पुन्हा पुन्हा दंश करते, आणि शोषलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओकते. तोवर मांडवीतील पहिल्या रोग्याला अठरा वर्षे होऊन गेली होती. १८९६ पासूनच्या वीस-बावीस वर्षांत प्लेगने हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसे नेली. ‘उंदीर पडू लागले’ हे रयतेचे शब्द पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत तपासून पाहिले असते, तर त्यांतील पुष्कळ वाचली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.