हेडलाइटचा कान तुटलाय? घरी काय जोडता येते, काय नाही आणि शेवटी काय तपासायचे

पार्किंगमधल्या खांबाला हलकासा धक्का लागतो किंवा ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला बंपर टेकतो. बाहेरून फक्त एक ओरखडा दिसतो. हेडलाइटची काच शाबूत असते, बल्बही लागतो. पण रात्री गाडी खड्ड्यातून गेली की एका बाजूचा प्रकाश थरथरतो. बॉनेट उघडून हेडलाइट हाताने ढकलून पाहिला तर तो जागेवर हलतो. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: हेडलाइटला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा प्लास्टिकचा कान तुटलेला आहे.

गॅरेजमध्ये विचारले तर ‘पूर्ण हेडलाइटच बदलावा लागेल’ असे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. कारण बहुतेक गाड्यांमध्ये हा कान सुटा मिळत नाही, तो हेडलाइटच्या डब्याबरोबर एकसंध ओतलेला असतो. इन्शुरन्सचा मार्गही नेहमी फायद्याचा नसतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि एका क्लेममुळे २० ते ५० टक्क्यांपर्यंतचा नो क्लेम बोनस हातचा जाऊ शकतो. म्हणूनच घरच्या घरी दुरुस्ती करण्याचा विचार चुकीचा नाही. फक्त ती कुठपर्यंत करायची, हे आधी ठरवावे लागते.

कान इतका सहज का तुटतो?

हेडलाइट साधारण ३ किंवा ४ ठिकाणी बोल्टने किंवा क्लिपने अडकवलेला असतो. धक्का बसल्यावर कुठला तरी भाग तुटणारच असेल, तर तो काच किंवा आतला रिफ्लेक्टर नसून बाहेरचा कान असावा, अशा विचाराने अनेक हेडलाइट बनवलेले असतात. त्यामुळे कान तुटणे हा दरवेळी निकृष्ट मालाचा पुरावा नसतो. काही युरोपीय कंपन्या तर आपल्या काही मॉडेल्ससाठी स्क्रूने बसणारे सुटे कानही विकतात. दुरुस्तीला हात घालण्याआधी आपल्या मॉडेलसाठी असा सुटा भाग मिळतो का, हे पार्ट्सच्या दुकानात विचारून घ्यावे.

काय जोडता येते, काय नाही

घरी जोडता येण्यासारखे:
- एखादा किंवा दोन कान तुटले आहेत, पण डबा बंदिस्त आहे.
- कानाला फक्त तडा गेला आहे.
- बोल्टचे भोक फाटून मोठे झाले आहे.

घरी जोडू नये असे:
- काचेला आरपार तडा गेला आहे किंवा डब्याला भोक पडून आत पाणी शिरते आहे.
- आतला रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर सुटला आहे.
- सर्व कान तुटले आहेत, म्हणजे हेडलाइटची मूळ जागा सांगणारे काहीच उरलेले नाही.
- हेडलाइट झेनॉनचा आहे. तो पेटताना २०,००० व्होल्टपेक्षा जास्त दाब तयार होतो.

आधी प्लास्टिक ओळखावे

घरची दुरुस्ती फसण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीचा गोंद. हेडलाइटची ‘काच’ ही आज बहुधा पॉलिकार्बोनेटची असते, पण मागचा काळा डबा आणि त्याचे कान सहसा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. त्यावर इन्स्टंट गोंद किंवा साधा इपॉक्सी नीट धरत नाही. दोन दिवस छान वाटते आणि तिसऱ्या खड्ड्याला तुकडा सुटतो.

डब्याच्या मागे दोन बाणांच्या टोकांमध्ये प्लास्टिकचा सांकेतिक शब्द कोरलेला असतो. तिथे ‘पीपी’ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. ‘एबीएस’ किंवा ‘पीसी’ असेल तर गोंद चालू शकतो. खूण सापडली नाही तर तुटलेला लहान तुकडा पाण्यात टाकावा. तरंगला तर गोंद बहुधा निरुपयोगी ठरेल. बुडाला तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण खनिज भुकटी किंवा काचतंतू मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते.

ग्लू गनचा गोंद मात्र कोणत्याच प्लास्टिकसाठी वापरू नये. इंजिनाच्या उष्णतेने तो मऊ पडतो.

जोडण्याची पद्धत

१. हेडलाइट बंद करून थंड होऊ द्यावा, चावी काढावी आणि मगच कनेक्टर सोडवावा. अनेक गाड्यांत हेडलाइट काढण्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो. त्याचे स्क्रू कुठून कुठले निघाले, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

२. तुटलेला तुकडा शोधावा. तो बऱ्याचदा बोल्टखालीच अडकलेला असतो किंवा बंपरच्या आत पडलेला असतो. हा तुकडा जपावा, कारण बोल्टचे भोक नेमके कुठे यायला हवे हे तोच सांगतो.

३. तुकडा टेबलावर अंदाजाने जोडू नये. तो गाडीवर मूळ जागी बोल्टने बसवावा, हेडलाइट उरलेल्या शाबूत कानांवर लावावा आणि बॉनेट व फेंडरशी असलेली फट दुसऱ्या बाजूच्या हेडलाइटशी जुळवून पाहावी. जुळली की इन्स्टंट गोंदाच्या दोन-तीन थेंबांनी तुकडा तात्पुरता धरून ठेवावा. मजबुतीसाठी हा गोंद नाही, फक्त जागा पक्की करण्यासाठी आहे. तो काचेजवळ वापरू नये, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट थर बसतो.

४. हेडलाइट अलगद उतरवून सांधा साफ करावा आणि तड्याच्या दोन्ही बाजूंनी इंग्रजी ‘व्ही’ आकाराची उथळ खाच करावी. पॉलिप्रॉपिलीन असेल तर सोल्डरिंग आयर्नने सांधा वितळवून जोडावा. भरण्यासाठी त्याच प्रकारचे प्लास्टिक लागते. भंगारातल्या तुटक्या हेडलाइटचा डबा यासाठी उत्तम. वेगळ्या जातीचे प्लास्टिक वरून एकजीव दिसले तरी आतून धरत नाही.

५. सांध्याच्या मागे स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा ठेवून आयर्नने दाबावा. वितळलेले प्लास्टिक जाळीतून वर आले पाहिजे. त्यावर पुन्हा प्लास्टिकचा थर द्यावा. ही जाळी काँक्रीटमधल्या सळईचे काम करते. काम हवेशीर जागी करावे, धूर श्वासात घेऊ नये. सांधा आपोआप थंड होऊ द्यावा.

६. एबीएस किंवा पीसी असेल तर पृष्ठभाग सँडपेपरने खरबरीत करून दोन भागांचा इपॉक्सी आणि हीच जाळी वापरावी. पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ वाळू द्यावे.

७. तुकडा हरवला असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्टीचा कान करता येतो. मात्र स्क्रूसाठी भोक पाडताना ते डब्याच्या आत उघडत नाही ना, हे पाहावे. एका चुकीच्या भोकातून पावसाळ्यात हेडलाइट पाण्याने भरू शकतो.

८. परत बसवताना बोल्टखाली रुंद वायसर टाकावा आणि पाना बेताने आवळावा. हॅलोजन बल्ब काढला असेल तर त्याच्या काचेला बोट लावू नये. मागचे रबरी झाकण नीट बसवावे.

दोन मिलिमीटरचा हिशेब

कान जोडला, हेडलाइट हलत नाही, म्हणजे काम संपले असे वाटते. खरा धोका इथेच असतो.

लो बीमचा झोत साधारण १ टक्का खाली झुकलेला असतो, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटीमीटर. हेडलाइट जमिनीपासून ७० सेंटीमीटर उंच असेल तर झोताची वरची कड ७० मीटरवर रस्त्याला टेकते. आता समजा, वरच्या आणि खालच्या कानात २० सेंटीमीटर अंतर आहे. दुरुस्तीत वरचा कान फक्त २ मिलिमीटर मागे बसला, तर सगळा झुकाव संपतो आणि झोत सरळ समोर जातो. ४ मिलिमीटर मागे बसला तर ५० मीटरवर झोताची कड १२० सेंटीमीटर उंचीवर पोहोचते. समोरून येणाऱ्या कारचालकाचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात.

उलट तोच कान २ मिलिमीटर पुढे बसला तर प्रकाश ३५ मीटरवरच संपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने हे अंतर सुमारे २ सेकंदांत कापले जाते. दुभाजक नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर या दोन्ही चुका सारख्याच महाग पडू शकतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ याच गोष्टीबद्दल आहे. दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतका खाली वळवलेला असावा, असे तो सांगतो.

झोत घरी कसा तपासावा

सपाट जागेवर, भिंतीपासून हेडलाइट ५ मीटरवर येईल अशी गाडी उभी करावी. टायरमध्ये योग्य हवा असावी, चालकाच्या सीटवर कुणीतरी बसलेले असावे आणि डॅशबोर्डवरचे लेव्हलिंगचे बटण शून्यावर असावे. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करावी. तिच्या ५ सेंटीमीटर खाली आडवी रेघ मारावी. लो बीमची वरची कड या रेघेवर यायला हवी. भारतातल्या गाड्यांत ती डावीकडे थोडी वर चढते, तो दोष नव्हे. हेडलाइटवर झुकावाचा वेगळा टक्का छापलेला असेल तर तोच धरावा. १.२ टक्के असेल तर रेघ ६ सेंटीमीटर खाली.

फरक दिसला तर डब्यामागच्या ॲडजस्टमेंट स्क्रूने झोत वरखाली करता येतो. स्क्रू शेवटापर्यंत फिरवूनही झोत रेघेवर येत नसेल, तर कान चुकीच्या जागी जोडला गेला आहे. तो सोडवून पुन्हा जोडण्याला पर्याय नाही. शक्य असेल तर एकदा गॅरेजमधल्या बीम सेटिंग यंत्रावरही खात्री करून घ्यावी.

पहिल्या आठवड्यात बॉनेट उघडून हेडलाइट हाताने हलवून पाहावा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर काचेच्या आत थेंब साचले आहेत का, हे बघावे. सांधा पुन्हा सुटला तर तिसऱ्यांदा जोडत बसण्यापेक्षा जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्याच मॉडेलचा, शाबूत कानांचा हेडलाइट शोधलेला बरा. तो बसवल्यावरही भिंतीवरची रेघ पुन्हा एकदा मारावीच लागते.